हुकूम गोव्यात, भाषा कोर्लईत

कुठलीही परकी भाषा शिकवायची तर सुरुवात नमस्कारापासून होते. ऑफिसात ब्राझीलची टीम असल्याने मला थोडी पोर्तुगीज येते. दिवाळीत यवतमाळला भाच्यांना शिकवली. सकाळी ‘बों दीआ’, दुपारी ‘बोआ तार्द’, रात्री ‘बोआ नोइत’. आभार मानताना मुलगा ‘ओब्रिगादु’ म्हणतो, मुलगी ‘ओब्रिगादा’. मग त्यांना सांगितलं की चावी, बादली, बटाटा, पाव आणि पगार हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेत. समुद्रापासून इतक्या लांब असलेल्या आमच्या घरात हे शब्द कुणीही न शिकवता पोचले होते.

शिकवून मात्र काय झालं? १६१६ मध्ये गोव्यात फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ मराठीत छापलं गेलं. म्हणजे लोकांपर्यंत पोचायचं तर लोकांच्या भाषेत बोलावं लागतं, हे पाद्र्यांना ठाऊक होतं. पण १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला : तीन वर्षांत इथल्या लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. पोर्तुगीज सत्ता १५१० ते १९६१, अशी ४५१ वर्षं टिकली. शाळा होत्या, पणजीत लिसेव होतं. तरी घराघरांत कोकणीच राहिली. पोर्तुगीज मुख्यतः शिकलेल्या, वरच्या थरातल्या कुटुंबांपुरती उरली.

याच्या अगदी उलट गोष्ट रायगड जिल्ह्यातली. रेवदंड्याच्या खाडीपलीकडचा कोर्लईचा किल्ला १७४० मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांना दिला. सत्ता गेली. पण किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून घडलेली एक बोली आजही बोलली जाते. लोक तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. हजाराच्या आसपास माणसं ती बोलतात. शेजारच्या मराठीचा तिच्यावर इतका परिणाम झाला की क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी सरकलं. तिच्यासाठी ना हुकूम होता, ना शाळा. आया मुलांशी त्या भाषेत बोलत राहिल्या, एवढंच.

आता तीही दबावाखाली आहे, कारण शाळा आणि रोजगार मराठीत आहे. हे वाचताना मला आमचा जिल्हा आठवतो. यवतमाळात झरी-जामणी, मारेगाव, केळापूरच्या बाजूला कोलाम पोड आहेत. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा, मराठीच्या नात्यातली नव्हे. पोडावरचं पोरगं शाळेत जातं तेव्हा त्याला ‘नमस्कार’ आणि ‘गुड मॉर्निंग’ दोन्ही परके असतात. मराठी, इंग्रजी त्याला आलीच पाहिजे, त्याशिवाय पुढचे रस्ते उघडत नाहीत. पण कोर्लई सांगते की भाषा घरात टिकते, आणि घरात ती तेव्हाच टिकते जेव्हा बोलणाऱ्याला तिची लाज वाटत नाही.

ती लाज वाटू न देणं वर्गात फार अवघड नाही. गुरुजींनी एखाद्या सकाळी त्या पोराला विचारावं, तुमच्याकडे कसं म्हणतात? आणि मग सगळ्या वर्गाने ते म्हणावं.