हातघडणीचा कोयता : झीज कोणती, दोष कोणता आणि हमी कशाची?

मे महिना सरत आला, की गोमंतकातील घराघरांत पुरुमेंताची लगबग सुरू होते. मिरची, सोले, सुकी मासळी यांच्या जोडीला कोयता, विळी, सुऱ्या यांचीही खरेदी होते. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असो वा एखाद्या जत्रेतील फेरी, लोहाराने हाताने घडवलेल्या हत्यारांपुढे गिऱ्हाईक थांबतेच. सौदा तोंडी होतो, पावती क्वचितच मिळते आणि ‘काही झाले तर घेऊन या’ एवढे एक वाक्य हमी म्हणून पुरते.

अडचण पुढे येते. पंधरा दिवसांत धार वळली, महिन्याभरात पात्याचा तुकडा उडाला, पावसाळ्यात मूठ हलू लागली, तर हा लोहाराचा दोष, वापरणाऱ्याची चूक की साधी झीज? कुळागरात राबणारा गडी, दिवसातून तीनदा माडावर चढणारा रेंदेर, बाजारात मासळी कापून देणारी बाई यांची रोजची मिळकत या पात्यावर चालते. लोहाराचीही स्थिती वेगळी नाही. विनाकारण परत आलेले एक हत्यार म्हणजे त्याच्या एका दिवसाच्या श्रमावर पाणी. त्यामुळे न्याय्य तक्रार कोणती, हे दोघांनाही ठाऊक असणे हिताचे आहे.

हत्यार घडते कसे?

गावठी कोयत्यासाठी पुष्कळदा मालमोटारीच्या कमानीचे जुने पाटे वापरले जातात. या पोलादात कार्बनचे प्रमाण साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून किंचित अधिक असते. त्यामुळे ते कठीण होऊ शकते आणि आघातही सोसते. पाटा भट्टीत लाल करून ऐरणीवर ठोकून आकार दिला जातो. त्यानंतरची पायरी म्हणजे पाणी देणे. यावरच हत्यार चांगले की वाईट, हे ठरते.

सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाचे चुंबकत्व जाते. त्याहून थोडे अधिक तापलेले पाते पाण्यात किंवा तेलात बुडवले, की धार कठीण होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. हा ठिसूळपणा काढण्यासाठी पाते पुन्हा मंद तापवावे लागते. त्या वेळी घासलेल्या पृष्ठभागावर रंग चढत जातात. २२० अंशांच्या आसपास फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. अनुभवी लोहार केवळ धारेचा भाग बुडवतो आणि पाठीत उरलेली उष्णता धारेकडे उतरू देतो. रंग हवा तसा आला, की पाते पुन्हा गार करतो. अशा पात्याची धार कठीण राहते आणि पाठ लवचिक.

हे सारे डोळ्यांच्या अंदाजाने होते. म्हणून एकाच लोहाराच्या दोन कोयत्यांत थोडा फरक असणे स्वाभाविक आहे. घणाचे ठसे, पाठीवरचा काळा थर, किंचित असमान रुंदी ही हातकामाची खूण आहे. ती दोषात मोजता येत नाही.

जी झीज गृहीत धरावी

पुढील गोष्टी हत्यार वापरले म्हणजे होणारच. त्यांसाठी हमी मागणे योग्य नव्हे.

• धार बोथट होणे. रोज वापरल्या जाणाऱ्या हत्याराला निसण्यावर वरचेवर पाजवावेच लागते. रेंदेराची काती तर कामावर निघण्यापूर्वीच पाजवली जाते, कारण पोय स्वच्छ कापली गेली नाही तर सुरेचा पाझर मंदावतो.

• पाते अरुंद होत जाणे. प्रत्येक पाजवणीत थोडे पोलाद जाते. कैक वर्षांनी निम्मे झालेले पाते हे प्रामाणिक सेवेचे लक्षण होय.

• पात्याचा रंग बदलणे. कैरी, लिंबू, सोले यांच्या आंबटपणामुळे साधे पोलाद करडे-काळे पडते. हा थर घट्ट असतो, बोटाला लागत नाही आणि गंजाला काहीसा आवरही घालतो. तांबूस, भुकटी सुटणारा गंज मात्र निगा कमी पडल्याचे सांगतो.

• मुठीचे लाकूड आकसणे-फुगणे. उन्हाळ्यात सुकलेले लाकूड आकसते आणि पावसाळ्यात फुगते. वर्षाकाठी एकदा मूठ घट्ट करून घेणे ही नित्याची देखभाल आहे.

जो खरोखर लोहाराचा दोष

यांपैकी काही आढळल्यास हत्यार नि:संकोच परत न्यावे.

पहिला दोष म्हणजे धार मऊ राहणे. ओली फांदी किंवा असोला नारळ यांसारख्या नेहमीच्या कामात धार दुमडत असेल, पाजवूनही पुन्हा लगेच दुमडत असेल, तर पाणी नीट चढलेले नाही. धारेवर कानस हलकेच फिरवून पाहावी. ती लोण्यात रुतावी तशी चावत असेल, तर शंका खरी. मात्र कोयत्याच्या पाठीवर कानस चालणे अपेक्षितच आहे, म्हणून ही परीक्षा धारेपाशीच घ्यावी.

दुसरा दोष याच्या उलट, म्हणजे ठिसूळपणा. साध्या लाकडावर मारताना धारेचे टवके उडत असतील, तर पाणी दिल्यानंतरचे मंद तापवणे राहून गेले आहे किंवा अपुरे झाले आहे.

तिसरा आणि सर्वांत घातक दोष म्हणजे तडा. पाणी देताना पात्यात केसासारखी बारीक भेग पडू शकते आणि ती विक्रीच्या वेळी दिसत नाही. पाते तुटलेच, तर तुकडे फेकून देऊ नयेत. तुटलेला पृष्ठभाग पुसू किंवा घासू नये, तो उजेडात पाहावा. सबंध भाग चकचकीत राखाडी असेल, तर तुटणे ताजे आहे. त्यातील काही भाग काळपट असेल आणि बाकीचा चकचकीत, तर काळ्या भागातील भेग भट्टीपासूनच होती. तुटलेल्या जागी साखरेसारखे जाड रवे दिसले, तर पोलाद घडवताना प्रमाणाबाहेर तापले होते. गिऱ्हाईक आणि लोहार यांच्यातील वाद मिटवायला याहून चांगला साक्षीदार नाही.

चौथा दोष मुठीचा. पात्याचे मुठीत शिरणारे टोक आखूड असणे, ते जोडाशी काटकोनात एकदम अरुंद केलेले असणे, मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे नसणे, ही बांधणीतील कमतरता आहे. झाडावर असताना मुठीतून सुटलेला कोयता खाली उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून हा दोष किरकोळ समजू नये.

जी चूक वापरणाऱ्याची

कोयता दगडावर किंवा तारेवर बसला, तर कोणतीही धार उडेल. लाकडात रुतलेले पाते आडवे पिळून काढणे, करवंटी फोडताना पात्याचा पहारीसारखा वापर करणे, पाठीवर हातोडा मारणे, यांमुळे उत्तम पातेही तुटते. मासळीच्या पातळ सुरीने मटणाचे हाड तोडणे हाही त्याच जातीचा गैरवापर. मासळीच्या सुरीची धार पातळ कोनाची असते, कोयत्याची जाड. दोघांची कामे बदलून चालत नाहीत.

दोन चुका विशेष घडतात. पहिली म्हणजे पाते विस्तवात खुपसणे. चूल सारायला किंवा जुनी मूठ जाळून काढायला कोयता आगीत धरला, की लोहाराने दिलेले पाणी उतरते. दुसरी म्हणजे विजेच्या सहाणेवर कोरडी धार लावणे. ठिणग्या उडत असताना पातळ धार क्षणात तापते. धारेवर निळा पट्टा उमटला, तर ती ३०० अंशांच्या आसपास गेली असे समजावे. तो भाग मऊ झाला आणि त्याचा दोष लोहाराकडे जात नाही. धार लावणाऱ्याला पाते वरचेवर पाण्यात बुडवायला सांगावे.

कायदा काय म्हणतो?

तोंडी व्यवहार म्हणजे हक्क नाही, असा समज आहे. तो बरोबर नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १६ नुसार, खरेदीदाराने वस्तू कोणत्या कामासाठी हवी हे विक्रेत्याला सांगितले असेल आणि तो त्या विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबला असेल, तर वस्तू त्या कामाला योग्य असावी ही अट व्यवहारात अध्याहृत धरली जाते. म्हणून ‘एक कोयता द्या’ असे न म्हणता ‘नारळ सोलायला हवा’ किंवा ‘कुळागर साफ करायला हवा’ असे सांगून घ्यावा. त्यामुळे हत्यारही योग्य मिळते आणि हक्कही शाबूत राहतो. खरेदीच्या वेळी तपासताना सहज दिसायला हवा होता असा दोष मात्र नंतर पुढे करता येत नाही, म्हणून पाते आणि मूठ तिथेच निरखून पाहावी.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पावतीत मुदत नमूद नसेल, तर सदोष वस्तू ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हेही त्याच सदरात येते. मशीनवर कापलेले पाते ‘हातघडणीचे’ म्हणून विकणे ही दिशाभूल झाली. ग्राहक आयोगाकडे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू होत नाही, पण स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली नाही. म्हणजे स्वतःच्या कामासाठी काती घेणारा रेंदेर हा ग्राहकच आहे. सदोष हत्यारामुळे इजा झाल्यास भरपाई मागता येते. मात्र इजेच्या वेळी हत्याराचा गैरवापर झाला असेल किंवा त्यात फेरफार केला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध असा दावा उभा राहत नाही. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ उपलब्ध आहे.

न्याय्य हमी कशी असावी?

आयोगापर्यंत जाण्याची वेळ सहसा येऊ नये. घेतानाच चार गोष्टी बोलून ठेवल्या आणि कागदाच्या चिठोऱ्यावर तारीख, किंमत व काम लिहून घेतले, तर बहुतेक वाद उद्भवतच नाहीत. धार मऊ किंवा ठिसूळ असेल तर लोहाराने पुन्हा पाणी देऊन द्यावे, तडा निघाल्यास हत्यार बदलून द्यावे, मूठ पहिल्या पावसाळ्यात सुटल्यास विनामूल्य बसवून द्यावी. पाजवणी, गंज, आघाताने पडलेले खाच यांचा खर्च गिऱ्हाइकाने सोसावा. मऊ धारेचा दोष पहिल्या काही दिवसांच्या कामातच कळतो, म्हणून नवे हत्यार घेऊन ते पावसाळाभर कोनाड्यात ठेवू नये. लगेच कामाला लावून पाहावे.

हातघडणीचा एक मोठा लाभ येथे ध्यानात घ्यावा. कारखान्यातील सुरी बिघडली, की ती बहुधा टाकूनच द्यावी लागते. गावच्या भट्टीत घडलेले पाते त्याच भट्टीत सरळ होते, नवे पाणी घेते, नवी मूठ धारण करते. ज्याने घडवले तो दुरुस्त करायला हयात आहे, हीच या वस्तूची खरी हमी.

पावसापूर्वीची निगा

काम संपल्यावर पाते धुऊन कोरडे पुसावे. मासळी कापल्यानंतर तर अवश्य, कारण मिठाचे पाणी पोलादाला लवकर खाते. गंज दिसल्यास राख आणि नारळाच्या सोडणाने घासावा. आठवडाभर वापर नसेल, तर खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवावा. हत्यार ओल्या भिंतीला टेकवून किंवा कातड्याच्या म्यानात बंद करून पावसाळाभर ठेवू नये, कातडे ओल धरून ठेवते. मूठ महिन्यातून एकदा हलवून पाहावी आणि ढिली वाटल्यास त्याच दिवशी घट्ट करून घ्यावी. मुठीत पाचर ठोकायला लोहाराला फारसा वेळ लागत नाही. माडावर चढण्यापूर्वी ती ठोकून घेतलेली बरी.