मोतीबिंदूचे ऑपरेशन : लेन्स बसवण्यातले धोके, साइड इफेक्ट आणि घरच्यांनी घ्यायची काळजी

हिवरा आश्रम आणि आजूबाजूच्या मेहकर, जानेफळ, साखरखेर्डा भागात मोतीबिंदू नसलेले घर सापडणे कठीण. कुणाची दादी, कुणाचे अब्बा, कुणाची खाला. डॉक्टर सांगतात, "लेन्स टाकावी लागेल." आणि घरात चर्चा सुरू होते. एक जण म्हणतो, दहा मिनिटांचं काम आहे, काही होत नाही. दुसरा म्हणतो, अमुक गावच्या चाचांचा डोळा गेला, नको त्या भानगडीत पडायला. दोन्ही बोलणी अर्धवट आहेत. मोतीबिंदूचे ऑपरेशन आज सर्वात सुरक्षित ऑपरेशनांपैकी एक आहे हे खरे. पण शून्य धोक्याचे नाही, हेही तितकेच खरे. म्हणून या लेखात आम्ही धोके कोणते, किती वेळा होतात आणि ते कसे ओळखायचे हे एका ठिकाणी देत आहोत.

ऑपरेशनमध्ये नेमके काय होते?

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक नैसर्गिक भिंग असते. वयाने, मधुमेहाने, मार लागल्याने किंवा स्टेरॉइडच्या औषधांनी ते गढूळ होते. हाच मोतीबिंदू. ऑपरेशनमध्ये हे गढूळ भिंग काढतात, पण ते ज्या पातळ पिशवीत असते ती पिशवी तशीच ठेवतात आणि तिच्यात कृत्रिम लेन्स बसवतात. फेको पद्धतीत साधारण २ ते ३ मिलिमीटरचा छेद देऊन भिंग ध्वनिलहरींनी फोडून ओढून घेतात. शिबिरांमध्ये बऱ्याचदा जरा मोठ्या छेदाची, बिनटाक्याची पद्धत वापरतात. तीही चांगली आहे, आणि मोतीबिंदू फार पिकलेला असेल तर पुष्कळदा तीच निवडतात.

ही विद्या जुनी आहे. सुमारे १००० वर्षांपूर्वी मोसूलमध्ये जन्मलेले आणि पुढे इजिप्तमध्ये काम केलेले हकीम अम्मार इब्न अली अल-मौसिली यांनी पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढण्याची पद्धत लिहून ठेवली. डोळ्यात लेन्स बसवण्याचे काम मात्र लंडनच्या हेरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये सुरू केले. महायुद्धात विमानाच्या काचेचे प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसले, तरी डोळ्याने ते सहन केले, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली. आपल्याकडे लेन्स स्वस्त झाली ती मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून देशातच लेन्स बनवायला सुरुवात केल्यावर.

घाबरायचे कारण नसलेले त्रास

पहिले काही दिवस डोळ्यात वाळू गेल्यासारखे टोचणे, पाणी येणे, थोडी लाली, उजेड सहन न होणे, हे बहुतेकांना होते. रंग एकदम झळाळते वाटतात, कारण इतकी वर्षे पिवळट भिंगातून पाहायची सवय झालेली असते. कोरडेपणा काही महिने राहू शकतो. रात्री दिव्याभोवती वलय किंवा डोळ्याच्या कडेला सावली दिसते, तीही बहुतेकांची हळूहळू कमी होते. मल्टिफोकल लेन्समध्ये ही वलये जास्त दिसतात. रात्री गाडी चालवणाऱ्यांनी अशी महाग लेन्स घेण्याआधी हे विचारून घ्यावे.

चष्मा पूर्ण सुटेल अशी आशा ठेवू नका. साध्या लेन्सने लांबचे दिसते, पण कुरआन किंवा पेपर वाचायला चष्मा लागतोच. कधी लेन्सचा नंबर थोडा चुकतो आणि लांबचाही चष्मा लागतो. म्हणून ऑपरेशनआधीचे मोजमाप घाईत करून घेऊ नये.

गंभीर धोके

१. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग. सर्वात भीतीचा धोका हाच. व्यवस्थित ऑपरेशन थिएटरमध्ये तो साधारण हजारात एकाला किंवा त्याहून कमी होतो. बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतो. दुखणे वाढते, नजर कमी होते, डोळा लाल होतो. काही तासांत उपचार मिळाले तर नजर वाचू शकते. दोन दिवस थांबलात तर डोळा जाऊ शकतो.

२. पिशवी फाटणे. शंभरात एक-दोन जणांना ऑपरेशन चालू असताना पिशवी फाटते. मग लेन्स वेगळ्या जागी बसवावी लागते, कधी दुसरे ऑपरेशन लागते. म्हणजे डॉक्टरांची चूकच झाली असे नाही, पण काय झाले ते त्यांनी घरच्यांना सांगायला हवे.

३. पडद्याला सूज. ही चार ते बारा आठवड्यांनी येते. सुरुवातीला छान दिसत होते आणि आता पुन्हा धूसर, अशी तक्रार असते. मधुमेह असलेल्यांना जास्त. बहुतेकांना औषधाने बरे वाटते.

४. पडदा सरकणे. डोळ्यात वीज चमकल्यासारखे होणे, अचानक काळे ठिपके वाढणे, एका बाजूने पडदा ओढल्यासारखे दिसणे, ही लक्षणे आहेत. मोठा मायनस नंबर असलेल्यांना धोका जास्त. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, वर्षांनीही होऊ शकते.

५. डोळ्याचा दाब वाढणे आणि समोरच्या पारदर्शक काचेला म्हणजे कॉर्नियाला सूज येणे. बहुधा थेंबांनी उतरते. कॉर्निया आधीच कमजोर असेल तर सूज कायम राहू शकते.

६. जाळी येणे. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मागे राहिलेली पिशवी गढूळ होते. लोक म्हणतात, "मोतीबिंदू परत आला." तो परत येत नाही. लेझरने काही मिनिटांत, न कापता ही जाळी उघडतात.

डॉक्टरांना आधीच सांगायच्या गोष्टी

शुगर, बीपी, दमा, खोकला. सतत खोकला असेल तर तो आधी आटोक्यात आणा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्यात हृदयाला धोका आहे. लघवीच्या त्रासासाठी वडीलधाऱ्यांना टॅमसुलोसिनची गोळी देतात. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट उघडत नाही आणि गुंतागुंत वाढते. पुष्कळ जण "ती तर लघवीची गोळी, डोळ्याशी काय संबंध" म्हणून सांगतच नाहीत. सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. काचबिंदू किंवा मधुमेहाने पडदा खराब झाला असेल तर लेन्स टाकूनही पूर्ण दिसणार नाही. हे आधी विचारा, म्हणजे नंतर निराशा होत नाही.

शिबिरात जावे का?

जावे, पण डोळे उघडे ठेवून. विवेकानंद आश्रमामुळे आपल्या गावाला रुग्णसेवेची ओळख आहे आणि गरीब घरांना मोफत सेवेचा मोठा आधार असतो. देशात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयांत हे ऑपरेशन मोफत होते. पण दुर्घटना घडल्या आहेत हे विसरून चालणार नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारच्या मुझफ्फरपूरमध्ये एका दिवसात ६५ जणांची ऑपरेशने झाली आणि संसर्गामुळे अनेकांचे डोळे काढावे लागले. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या महापालिका ट्रॉमा रुग्णालयात ऑपरेशननंतर संसर्ग होऊन ५ जणांनी त्या डोळ्याची नजर गमावली. म्हणजे शिबीर असो की मोठ्या शहरातले रुग्णालय, प्रश्न स्वच्छतेचा आणि नंतरच्या देखरेखीचा आहे.

म्हणून तीन गोष्टी विचारा. तपासणी गावात झाली तरी ऑपरेशन कोणत्या रुग्णालयाच्या थिएटरमध्ये होणार? दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने कोण तपासणार? रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? उत्तरे मिळाली नाहीत तर दुसरीकडे जा. दोन्ही डोळे एकाच दिवशी करून घेऊ नका. पहिला नीट बरा होऊ द्या.

वजू, नमाज, रोजा आणि सुरमा

आमच्याकडे सर्वात जास्त विचारणा याचीच होते. पहिले एक-दोन आठवडे डोळ्यात नळाचे पाणी जाऊ द्यायचे नाही. वजू करताना त्या डोळ्यावर पाणी मारू नका. पाण्याने नुकसान होत असेल तिथे ओला हात फिरवून मसह करण्याची सवलत आहे. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली असेल तितके दिवस खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज होते. सजदा कधीपासून करायचा हे छेदाच्या आकारावर अवलंबून असते, म्हणून डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा.

रमजानमध्ये काही जण रोज्यापायी थेंब टाकणे सोडतात. हे धोक्याचे आहे. हनफी मसलकानुसार डोळ्यात थेंब टाकल्याने रोजा तुटत नाही. शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारा, पण थेंब चुकवू नका.

सुरमा, काजळ, गुलाबजल, मध, काही काही घालायचे नाही. बऱ्याच सुरम्यांत शिसे असते, आणि एकच सलाई घरभर फिरते. शेतीच्या कामाचा हंगामही पाहा. सोयाबीनची मळणी चालू असताना थ्रेशरच्या धुळीत उभे राहायचे असेल, किंवा सैलानीच्या यात्रेला जायचे असेल, तर तारीख पुढे-मागे करून घ्या.

न करण्याचाही धोका आहे

"अजून पिकू द्या" हा सल्ला जुना झाला. रोजच्या कामात अडचण आली की ऑपरेशन करता येते. फार पिकलेले भिंग दगडासारखे कडक होते, ऑपरेशन अवघड होते आणि कधी डोळ्यात फुटून दाब वाढतो, तेव्हा असह्य दुखते. धूसर नजरेने घरात पडून खुब्याचे हाड मोडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा हिशोब कुणी ठेवत नाही. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब अजून निघालेले नाहीत. तसे सांगून कुणी बाटली विकत असेल तर पैसे वाया घालवू नका.

कधी धावत जायचे?

दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, आज कालपेक्षा कमी दिसू लागले, लाली वाढली, पू आला, पापणी सुजली, उलटीसह डोके दुखले, वीज चमकल्यासारखे किंवा पडद्यासारखे दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. हिवरा आश्रमहून बुलढाणा, जालना किंवा अकोला गाठायला वेळ लागतो. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच गाडी कुणाची आणि सोबत कोण जाणार हे ठरवून ठेवा. घरातली म्हातारी माणसे "मुलाला कशाला त्रास" म्हणून दुखणे लपवतात. पहिले सात दिवस रोज सकाळी दुसरा डोळा हाताने झाकून त्यांना विचारा, "अम्मी, भिंतीवरचं घड्याळ दिसतंय का? कालच्यासारखंच दिसतंय का?" उत्तर "नाही" आले, तर त्याच क्षणी डॉक्टरांना फोन लावा.