जुने खेळाडू मोठे की आजचे? आधी सांगा, मैदानात कोणाला घेतले होते!

विट्यात संध्याकाळी चहाच्या टपरीवर दोन वाद कायम चालू असतात. पोरांचा वाद: सचिन मोठा की विराट? वयस्कर मंडळींचा वाद कुस्तीचा: जुन्या मातीतल्या पैलवानांपुढे आजचे गादीवरचे पैलवान टिकले असते का? आपल्या खानापूर तालुक्यात कुस्तीवर बोलणारे घरोघरी आहेत. भाळवणीच्या चंद्रहार पाटलांनी 2007 आणि 2008 अशी सलग दोनदा महाराष्ट्र केसरीची गदा आणली, तेव्हापासून तर या वादाला आणखी धार आली.

परवा मी या वादात एक नाव टाकले. बाळू पालवणकर. टपरीवर एकालाही ते माहीत नव्हते. त्यातले चौघे आपल्याच चळवळीतले होते. 14 एप्रिलला निळा झेंडा घेऊन पुढे असणारे, बाबासाहेबांची भाषणे तोंडपाठ असणारे. मला राग आला नाही, वाईट वाटले. म्हणून हा लेख.

माझे म्हणणे थोडक्यात असे. दोन पिढ्यांच्या खेळाडूंची तुलना नुसत्या आकड्यांवर करता येत नाही. तो आकडा ज्या मैदानावर तयार झाला, त्या मैदानाचे दार कोणासाठी उघडे होते आणि कोणासाठी बंद, हे आधी विचारावे लागते. जो समाज हा प्रश्न टाळतो, त्याच्या ‘गुणवत्ते’च्या गप्पा खोट्या असतात.

आता बाळूंची गोष्ट. चांभार समाजातल्या या कुटुंबाचे गाव कोकणातले पालवण, त्यावरून आडनाव पालवणकर. वडील लष्कराच्या नोकरीत, म्हणून बाळूंचे बालपण पुण्यात गेले. क्रिकेटशी पहिला संबंध आला तो खेळाडू म्हणून नव्हे, नोकर म्हणून. आधी पारशी क्लबात खेळपट्टी झाडणे आणि रोलर फिरवणे, पगार महिन्याला 3 रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात तेच काम, पगार 4 रुपये. तिथे साहेब लोकांना सरावासाठी कोणीतरी गोलंदाजी करायला हवी होती. बाळू डाव्या हाताने संथ फिरकी टाकू लागले. कॅप्टन ग्रेग नावाचा त्या काळचा नामांकित इंग्रज फलंदाज तासन् तास बाळूंच्या चेंडूंवर सराव करायचा. पण त्या नेटमध्ये बाळूंच्या हाती कोणी बॅट दिली नाही. बॅट मालकाची आणि चेंडू चाकराचा, अशी ती व्यवस्था होती. श्रमाची विभागणी नव्हे, श्रमिकांची विभागणी म्हणतात ती हीच.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते. त्यासाठी बाळू हवे होते, पण बाळूंचा स्पर्श नको होता. बराच वाद होऊन त्यांना संघात घेतले गेले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्ण यष्टिरक्षक झेलायचा, तेव्हा विटाळ होत नव्हता. तो चेंडूही चामड्याचाच! चहाच्या सुट्टीत मात्र बाकीच्यांना चिनी मातीच्या कपात चहा आणि बाळूंना तंबूबाहेर साध्या मातीच्या भांड्यात. जेवणाचे ताट वेगळे, बसायची जागा वेगळी.

आपल्या साताऱ्याचाही या इतिहासात भाग आहे. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध पुण्याचा हिंदू संघ खेळायला आला. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी अनेक दिवस खेळपट्टीवर रोलर फिरवून ती मुद्दाम थंड करून ठेवली होती. तरीही बाळूंनी 7 बळी घेतले आणि सामना जिंकून दिला. पुण्यात सत्कार झाला, न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनी कौतुक केले. 1906 मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्या संघात बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम दोघेही होते. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरत होता, पण बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले.

आता तुलना करूच. बाळूंची प्रथम श्रेणी कारकीर्द: 33 सामने, 179 बळी, सरासरी 15.21. बिशनसिंग बेदींची प्रथम श्रेणीतली सरासरी 21.69. मग बाळू बेदींपेक्षा मोठे का? असे मी म्हणणार नाही. तेव्हा खेळपट्ट्या झाकल्या जात नसत, पावसाने भिजलेल्या पट्टीवर फिरकी वळायची आणि धावसंख्या कमी असायच्या. भावनेच्या भरात आकडे वाकवणे ही बाबासाहेबांची शिकवण नाही.

तुलना करायची तर समकालीनाशी करा. बाळूंच्याच वयाचा, तसाच डावखुरा संथ फिरकी गोलंदाज इंग्लंडमध्ये होता: यॉर्कशायरचा विल्फ्रेड ऱ्होड्स, जन्म 1877. ऱ्होड्स प्रथम श्रेणीचे 1110 सामने खेळला आणि 4204 बळी घेतले, हा विक्रम आजही कायम आहे. बाळूंना मिळाले 33 सामने. ऱ्होड्सही पैशासाठी खेळणारा साधा माणूस होता आणि तिथेही ‘जंटलमन’ आणि ‘प्लेयर’ हा वर्गभेद 1962 पर्यंत चालला. पण फरक पाहा. ऱ्होड्सने कसोटीत शेवटच्या क्रमांकापासून सुरुवात केली आणि पुढे तो जॅक हॉब्जसोबत सलामीला खेळला. 1912 साली मेलबर्नला दोघांनी 323 धावांची सलामी दिली. त्याच्यातला फलंदाज घडला, कारण त्याला बॅट मिळाली. बाळूंमध्ये किती मोठा फलंदाज होता याचा आकडा कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. जातिव्यवस्था नुसता अपमान करत नाही, ती पुरावाच तयार होऊ देत नाही.

हेच अमेरिकेत बेसबॉलच्या बाबतीत घडले. तिथे जुने आणि नवे बेसबॉलपटू यांची तुलना हा राष्ट्रीय छंद आहे. बेब रूथचे 714 होमरन हा कित्येक वर्षे देवाचा आकडा मानला जायचा. पण ते सगळे होमरन 1935 पर्यंतचे, म्हणजे मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना बंदी होती त्या काळातले. काळ्यांच्या वेगळ्या ‘निग्रो लीग’ होत्या. तिथला जॉश गिब्सन हा महान फलंदाज जानेवारी 1947 मध्ये 35 व्या वर्षी वारला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, 15 एप्रिल 1947 रोजी, जॅकी रॉबिन्सन मेजर लीगच्या मैदानात उतरला आणि बंदी मोडली. गिब्सनला ते दार उघडलेले दिसलेच नाही. पण अभ्यासकांनी काळ्यांच्या जुन्या वर्तमानपत्रांतून एकेका सामन्याचे धावफलक शोधून काढले. 2020 मध्ये त्या लीगना मेजर लीगचा दर्जा मिळाला आणि 2024 मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत आले. तेव्हा फलंदाजीच्या सरासरीत पहिल्या क्रमांकावरचा टाय कॉब (.367) खाली गेला आणि गिब्सन (.372) वर आला. मरणानंतर 77 वर्षांनी! ज्योतिबांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्यांना अर्पण केली होती. त्या नात्याचा हाही एक धागा समजा.

आपल्याकडे हक्क कसा मिळाला? दयेने नाही. बाळू संघातले सर्वांत अनुभवी, पण कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. 1913 मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले की हा मान बाळूंचा होता. 1920 मध्ये तर बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोन्ही भावांनी संघातून माघार घेऊन जातिभेदाचा निषेध केला. महाडच्या सात वर्षे आधीची ही गोष्ट. निवड समितीला नमावे लागले, बाळू उपकर्णधार झाले. 1923 मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ चौरंगी स्पर्धा जिंकला. त्यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत आहे. ते आपल्या किती वाचनालयांत आहे, हे ज्याने त्याने बघावे.

आता एक अवघड मुद्दा. बाळू पुढे बाबासाहेबांच्या विरोधात गेले. पुणे करारावर त्यांची सही आहे, ती वेगळ्या बाजूने. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते मिळाली, बाळूंना 11,225. आपल्यातले काही जण म्हणतात, मग त्यांचे नाव कशाला घ्यायचे? मित्रांनो, त्यांचे राजकारण चुकले असे मीही म्हणतो. पण मातीच्या भांड्यातला तो चहा राजकारणाआधीचा आहे, आणि तो आपल्या सगळ्यांच्या वाट्याचा आहे. प्रस्थापितांनी त्यांना जातीमुळे विसरावे आणि आपण मतामुळे, मग त्या माणसाने जायचे कुठे?

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना सरकारने वाऱ्यावर सोडले, पण गावाने वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकले. गरिबी दोघांच्याही वाट्याला आली. पण खाशाबांच्या मागे गाव उभे राहिले आणि बाळूंना गावकुसाबाहेर बसवले गेले. गरिबी आणि अस्पृश्यता यांतला हा फरक ‘सगळेच गरीब होते’ म्हणणाऱ्यांना शांतपणे समजावून सांगा.

कोणी म्हणेल, आज तर मैदान सर्वांना खुले आहे. संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता संपवली, खेळाडूला आज वेगळा कप देण्याची कोणाची हिंमत नाही. हे खरे, आणि ते बाबासाहेबांचे देणे आहे. पण लेदर बॉल, चांगली बॅट, पॅड, शहरातल्या अकादमीची फी आणि रोजचा प्रवास याचा हिशेब यंत्रमागावर पाळी करणाऱ्या बापाला विचारा. दाराला कुलूप नाही, तिकीट आहे.

म्हणून दोन कामे सुचवतो. जयंतीनिमित्त आपण क्रिकेट स्पर्धा भरवतो, त्यातला एक चषक बाळू पालवणकरांच्या नावाने द्या आणि बक्षीस वाटताना त्यांची गोष्ट पाच मिनिटे सांगा. दुसरे, आपापल्या वस्तीत जे कोणी जुने पैलवान, कबड्डीपटू, गोलंदाज हयात आहेत, त्यांच्याजवळ बसून लिहून घ्या: कुठे खेळले, कोणाला हरवले, कुठे खेळू दिले नाही. जॉश गिब्सनला न्याय मिळाला तो कोणीतरी जुने कागद जपले म्हणून. आपल्याकडे कागदही नाहीत, माणसे आहेत, आणि ती थकत चालली आहेत.

मी माझ्या वस्तीतल्या वहीची सुरुवात येत्या रविवारी करतोय. तुम्हीही करा.

जय भीम!