कसर भरून काढणारी कॉइल

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मला रेडिओच्या टेबलाशी उभे केले होते. मी भाषेचा मास्तर, पण माणसे कमी पडली की बीएड झालेला कुठेही चालतो. आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, एवढ्याशा एरियलच्या बुडाला ही कॉइल कशाला?" मी ठोकून दिले, "जेवढी तार कमी पडली, तेवढी गुंडाळून ठेवली आहे." मुलगा खूश झाला. उत्तर मात्र चुकीचे होते आणि ते मला नंतर, स्वीडनमधल्या ग्रिमेटनविषयी वाचताना कळले.

पहिल्या महायुद्धात समुद्राखालच्या तारांवर इंग्रजांची पकड होती. स्वीडनचे लाखो लोक अमेरिकेत जाऊन राहिलेले. त्यांच्याशी बोलायचे तर दुसऱ्याच्या तारेवरून, त्याच्या मर्जीने. म्हणून युद्धानंतर स्वीडनने स्वतःचे बिनतारी केंद्र उभारले. 2 जुलै 1925 रोजी राजे गुस्ताव पाचवे यांनी त्याचे उद्घाटन केले. यंत्र होते अर्न्स्ट अलेक्झांडरसन यांचे. ते मूळचे उप्सालाचे, पण नोकरी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये. व्हॉल्व्ह नाही, 200 किलोवॅटचे, गरगर फिरणारे जनित्र. फिरणाऱ्या यंत्राच्या वेगाला मर्यादा असते, त्यामुळे लहरी लांबच निघणार: 17.2 किलोहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे साडेसतरा किलोमीटर.

एरियल त्याच्या पाव लांबीचे हवे. म्हणजे सव्वाचार किलोमीटरहून उंच! ग्रिमेटनचे मनोरे 127 मीटरचे. गरजेच्या चौतिसाव्या हिश्शाइतके.

आखूड एरियल जनित्राला कंडेन्सरसारखे भासते. वीज येते, साठते, परत फिरते. बाहेर फार थोडे पडते. कॉइलचा स्वभाव नेमका याच्या उलटा. दोघांना एका ओळीत जोडले की एकाचा हट्ट दुसरा मोडतो आणि प्रवाह मोकळा वाहू लागतो. कॉइल एवढेच करते. ती हरवलेली तार नाही. उंच तारेत प्रवाह वर जाता जाता कमी होत टोकाला शून्य होतो. कॉइल त्या तारेची जागा घेत असती तर तिच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत प्रवाह तसाच घटायला हवा होता. पण आटोपशीर कॉइलमध्ये जितका प्रवाह आत शिरतो, जवळजवळ तितकाच बाहेर येतो. वीज वाटेत मुरणार कुठे? कॉइलच्या अंगाला आणि आजूबाजूच्या हवेला जी थोडी धारिता असते, तेवढाच फरक. कॉइल उंच, लांबलचक असेल तर तो वाढतो, हेही खरे. बदलतो तो दाब: खाली बेताचा, वर हजारो व्होल्ट.

उर्दूच्या तासाला मी सांगतो की कसर म्हणजे उणीव, आणि याच अक्षरांचा 'कस्र' म्हणजे गणितातला अपूर्णांक. कॉइल उणीव भरते, अपूर्णांकाचा पूर्णांक मात्र करत नाही. एरियल 127 मीटरचेच राहते.

मग अलेक्झांडरसन यांनी काय केले? मनोऱ्यांच्या माथ्यावर 46 मीटरचे आडवे हात आणि त्यांवरून आडव्या तारा. या तारा वर मोठे साठवण करतात, त्यामुळे उभ्या तारेतला प्रवाह माथ्यापर्यंत टिकतो. असे सहा मनोरे, 380 मीटर अंतराने. जनित्र फक्त एका टोकाला. मात्र प्रत्येक मनोऱ्याशी उभी तार खाली उतरते आणि स्वतःच्या कॉइलमधून स्वतःच्या अर्थिंगला मिळते. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. एकाच ठिकाणी सगळा प्रवाह जमिनीत सोडला असता तर बरीच शक्ती माती तापवण्यातच गेली असती. सहा वाटा केल्याने मातीतले नुकसान घटले, आणि सहा उभ्या तारा एका तालात लहरी सोडू लागल्या. साडेसतरा किलोमीटरच्या लहरीपुढे मनोऱ्यांची ही अख्खी रांग तोकडीच, म्हणून ताल चुकत नाही.

कौतुक फार काळ टिकले नाही. लघुलहरी आल्या. 1927 मध्ये आपल्या खडकीहून प्रक्षेपण आणि दौंडला ग्रहण अशी इंग्लंडशी बीम सेवा सुरू झाली, तीही लघुलहरींवरच. मैलभर लांबीच्या एरियलची गरज संपत चालली.

ग्रिमेटनचे जनित्र मात्र मोडीत गेले नाही. 2004 मध्ये केंद्र जागतिक वारसा ठरले. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी ते अजून फिरवतात आणि एसएक्यू या खुणेने मोर्समध्ये संदेश जातो. त्या मुलाला मी पुन्हा बोलावले. तो आता दहावीत आहे. म्हणाला, "सर, मला तेव्हाच शंका आली होती."