वाळवंटचित्रे, अनामिक
एकोणिसाव्या शतकात यूरोपीय प्रवाशांनी व लष्करी अधिकाऱ्यांनी काढलेली, परंतु चित्रकाराचे नाव उपलब्ध नसलेली वाळवंटी प्रदेशाची जलरंगचित्रे. ईजिप्त व सिनाई येथील अशी चित्रे अनेक संग्रहांत आढळतात.

त्या काळी जलरंगचित्रण हे कलेइतकेच नोंदीचेही साधन होते. वुलिच येथील लष्करी विद्यालयात व ईस्ट इंडिया कंपनीच्या अ‍ॅडिस्कम येथील विद्यालयात (१८०९–६१) भूदृश्यरेखन शिकविले जाई. अशी चित्रे पुष्कळदा खाजगी वहीत वा सरकारी दप्तरात राहत. त्यामुळे त्यांवर सही करण्याचे कारण नसे. १८३० मध्ये ‘ह्यू लिंड्से’ ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली. पुढे इंग्लंड-मुंबई प्रवासात कैरो ते सुएझ हा सु. १३० किमी.चा वाळवंटी टप्पा रूढ झाला व हौशी चित्रकारांना हे दृश्य सहज उपलब्ध झाले. १८५८ मध्ये तेथे लोहमार्ग पूर्ण झाल्यावर घोडागाड्यांची वाहतूक व घोडे बदलण्याची ठाणी मागे पडली. साहजिकच, चित्रात चालू ठाणे दिसल्यास कालनिर्णयास मदत होते.

कागद व रंगद्रव्ये हे अधिक भक्कम पुरावे होत. व्हाटमन कागदावरील जलचिन्हात वर्ष असल्यास चित्र त्यापूर्वीचे नसते. मात्र कागद अनेक वर्षांनीही वापरलेला असू शकतो. ‘चायनीज व्हाइट’ हा जस्ताचा पांढरा रंग १८३४ मध्ये बाजारात आला. तो मूळ रंगलेपनात आढळल्यास चित्र त्यानंतरचे ठरते.

रंगांवर प्रकाशाचा परिणाम होतो, हे रसेल व अ‍ॅबनी यांच्या १८८८ च्या अहवालाने दाखवून दिले. निळीने रंगविलेले आकाश उडून फिकट वा गुलाबी होते. त्यामुळे आज दिसणारी संधिप्रकाशाची छटा चित्रकाराने पाहिलेलीच असेल, असे नाही.

डेव्हिड रॉबर्ट्सच्या १८३८–३९ मधील प्रवासावर आधारलेल्या शिलामुद्रितांमुळे हा विषय लोकप्रिय झाला व त्यांच्या अनुकृतीही झाल्या. त्यामुळे केवळ शैलीसाम्यावरून अनामिक चित्र नामवंताचे ठरविणे धोक्याचे असते. तसे केल्याने चित्राचे मोल वाढते. परंतु ते काढणाऱ्या अज्ञात प्रवाशाची साक्ष मात्र पुसली जाते. पुराव्याअभावी ‘चित्रकार अज्ञात’ अशी नोंद करणे, हीच इतिहासाच्या दृष्टीने योग्य पद्धती होय.