उस्तादांचा टाका

जव्हारचा इतिहास म्हटला की मुकणे घराण्याचा इतिहास समोर येतो. इ. स. १३४३ मध्ये दिल्लीच्या महंमद तुघलकाने इथल्या राजाला ‘निमशहा’ हा किताब दिला, तिथपासून १९४८ च्या विलीनीकरणापर्यंतची हकीकत अनेक पुस्तकांत वाचायला मिळते. पण या डोंगरी गावात ज्यांनी ट्रक, पाण्याचे पंप आणि शिलाई मशिनी चालत्या ठेवल्या, त्या मिस्त्रींचा इतिहास कुठे लिहिलेला नाही. मला त्याचे एक पान सापडले ते आमच्या पडवीत, गोणपाटाखाली.

अब्बांची जावा तिथे पंचवीस वर्षे उभी होती. तिच्यावर कापडाचे गठ्ठे बांधून ते मोखाड्याच्या आठवडे बाजाराला जात. अब्बा गेले, गाडी थांबली आणि जव्हारच्या पावसाने आपले काम सुरू केले.

जावाचे मूळ गाव प्राग. फ्रांतिशेक यानेचेक या उद्योजकाने १९२९ मध्ये जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटारसायकलचे डिझाइन घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. १९६१ पासून ही गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार होऊ लागली. पुढे तिचीच ‘येझदी’ झाली आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळे लागले. अडीचशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, दोन्ही बाजूंना सायलेन्सर आणि किक व गिअर यांचा एकच दांडा, ही तिची ओळख. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नसतात, सुटे भाग थोडे. त्यामुळे तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही ती उघडून पुन्हा बसवू शके.

गाडी चालू करायचे ठरवले तेव्हा पिस्टन सिलिंडरला घट्ट धरून बसला होता. अशा वेळी जोर केला की नुकसान ठरलेले. प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल सोडून आठ दिवस वाट पाहिली, तेव्हा तो हलला. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवला. क्रँकचे ऑइल सील वाळून कडक झाले होते. ते गळके राहिले तर टू-स्ट्रोक इंजिन बाहेरची हवा ओढते आणि कधीच नीट चालत नाही, म्हणून तेही बदलले. पॉइंट घासले, कार्बोरेटर धुतला. टाकीत रॉकेल आणि नटबोल्ट घालून ती तासभर हलवली, तेव्हा आतला गंज सुटला.

टाकीचा रंग खरवडताना मात्र हात थांबला. खाली पितळेचा लांब टाका होता, माळेसारखा सरळ आणि एकसारखा. कॅरिअरखाली हाताने ठोकलेली लोखंडी पट्टी होती, गठ्ठ्यांचे वजन पेलावे म्हणून दिलेली. किकच्या दांड्याचे झिजलेले दाते वेल्डिंगने भरून कानशीने पुन्हा पाडलेले होते. ही सगळी कामे एकाच हाताची. सगळा मोहल्ला त्यांना ‘उस्ताद’ म्हणे. गाडीच्या आरसी बुकात अब्बांचे नाव आहे, इंजिन नंबर आहे, चासी नंबर आहे. उस्तादांचे नाव कुठेच नाही आणि आज आमच्या घरात ते कुणाला सांगताही येत नाही.

जुन्या गाड्यांना आता मान मिळतो आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील वाहनांना ‘व्हीए’ मालिकेतला वेगळा क्रमांक दिला. त्यातली एक अट अशी की चासी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा. पण शौकिनांची अट याहून कडक असते. गाडी ‘कंपनीतून आली तशी’ दिसली पाहिजे. मलाही सल्ला मिळाला, “टाकी बदला, ती पट्टी कापून टाका.” म्हणजे म्हैसूरचा कारखाना खरा आणि जव्हारची तीस वर्षे खोटी! कारखान्याने गाडी एकदाच बनवली. उस्तादांनी ती कितीदा तरी उभी केली, तीही भट्टी, कानस आणि नजरेच्या अंदाजावर.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात वाहनदुरुस्ती हा मुस्लिम कामगारांचा एक महत्त्वाचा व्यवसाय म्हणून नोंदला आहे. तिथे आपण टक्केवारी म्हणून आलो. टक्केवारीला चेहरा नसतो, हुनर नसते. आपणही आपल्या थोरांचे इतिहास लिहिताना शायर, उलेमा आणि नेते मोजले. हात काळे असलेल्या माणसाला वहीत घेतले नाही. ही चूक दुसऱ्या कुणाची नाही.

पेट्रोलमध्ये लिटरला चाळीस मिली ऑइल घालून मी किक मारली. बाराव्या किकला निळा धूर सोडत गाडी बोलू लागली. तिच्यावरून मोखाड्यापर्यंत जाऊन आलो. टाकीला नवा रंग दिला आहे, पण टाक्याची जागा मोकळी ठेवली आहे. त्या पितळेवर वार्निशचा एक हात फिरवला, एवढेच. आता मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसतो. उस्तादांचे नाव कुणाला तरी आठवेल. आपल्या गावातही असा एखादा मिस्त्री असेल. तो आहे तोवर त्याचे नाव लिहून ठेवा.