नळीपाशी जागणारी माणसं

घटसर्प हा शब्द शेतीविषयक कार्यक्रमांत पुष्कळदा कानावर पडतो, पण तो गुरांच्या संदर्भात. पावसाळ्याआधी जनावरांना घटसर्पाची लस टोचून घ्या, असं शेतकऱ्यांना सांगितलं जातं. माणसांचा घटसर्प, म्हणजे डिप्थेरिया, हा अगदी वेगळा रोग. जंतू वेगळे, औषध वेगळं, नाव तेवढं एक. पूर्वी या नावाने आईबापांच्या पोटात गोळा उठत असे. घरातलं दोन-चार वर्षांचं हसतंखेळतं मूल आठवड्याभरात श्वास कोंडून जाई आणि पाठोपाठ त्याचं भावंडही.

या रोगाचा इतिहास सांगताना आपण जंतू शोधणाऱ्यांची आणि लस शोधणाऱ्यांची नावं घेतो, आणि ती घ्यायलाच हवीत. मी मात्र बरीच वर्षं परिचारिकांना घशाच्या आणि श्वासनलिकेच्या रुग्णांची शुश्रूषा शिकवली. त्यामुळे हा इतिहास मला थोडा दुसऱ्या बाजूने, म्हणजे रुग्णाच्या उशाकडून दिसतो.

डिप्थेरियात घशामध्ये करडा, चिवट पापुद्रा धरतो. तो ओढून काढायला जावं तर रक्त येतं. फ्रान्समधल्या तूर गावच्या प्येर ब्रेतोनो या डॉक्टरांनी १८२६ मध्ये या रोगाला नाव दिलं, तेही कातडं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. पापुद्रा स्वरयंत्रात उतरला की मूल गुदमरतं. ब्रेतोनोंनी १८२५ मध्ये एका चार वर्षांच्या मुलीच्या गळ्याला पुढून छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली आणि ती मुलगी वाचली. त्यांचे शिष्य आर्मां त्रूसो यांनी पॅरिसमध्ये अशा दोनशेहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. त्यांतली चौथा हिस्सा मुलं वाचली, असं ते समाधानाने सांगत. आज आपल्याला हा आकडा भयंकर वाटेल. पण एरवी ही सगळीच मुलं हातची जायची.

मग उरलेली तीन चतुर्थांश मुलं का गेली? काही रोगाच्या विषाने गेली, त्यावर तेव्हा इलाज नव्हता. पण काही मुलं छेद नीट होऊनही दोन-तीन दिवसांनी दगावत, आणि त्याचं कारण आपल्या नाकात आहे. नाक हवा गाळतं, ऊबदार करतं, ओलसर करतं. गळ्याला भोक पाडलं की हवा नाकाला वळसा घालून थंड आणि कोरडी अशी थेट फुप्फुसात शिरते. आतला कफ सुकतो, त्याची खपली धरते, नळी बुजते. नाही बुजली तर न्यूमोनिया होतो. म्हणजे नळी बसवल्यावर नाकाचं काम कुणीतरी बाहेरून करायला हवं.

त्रूसोंना हे उमगलं होतं. मुलाच्या गळ्याभोवती, नळीवरून, मलमलीचं कापड किंवा विणलेला रुमाल सैलसर गुंडाळायचा, असा त्यांचा आग्रह असे. मुलाच्याच उच्छ्वासाने कापड ओलसर आणि कोमट राहतं आणि आत जाणारी हवा त्यातून जाते. इतका साधा उपाय! दुसरा उपाय दुहेरी नळीचा. एका नळीत दुसरी नळी. बाहेरची जागच्या जागी राहते, आतली काढून धुऊन परत घालता येते. ही कल्पना त्रूसोंची नव्हे, त्यांच्या शंभर वर्षं आधीची. १७३० च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या जॉर्ज मार्टिन या डॉक्टरांनी ती लिहून ठेवली आहे आणि ती एका धर्मोपदेशकाने सुचवली, असंही प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. मला ही नोंद फार आवडते. नळी बुजली की काय होतं, हे शेजारी बसून पाहणाऱ्यालाच असं सुचतं.

पण आतली नळी दर थोड्या वेळाने, रात्री दोनलासुद्धा, काढून धुणार कोण? ब्रेतोनोंच्या काळी शिकलेली परिचारिका नव्हतीच. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची शाळा लंडनमध्ये सुरू झाली ती १८६० मध्ये. पुढे संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डांत या कामाची एक शिस्तच तयार झाली. खाटेवर चादरींचा तंबू उभारायचा आणि त्यात लांब तोटीच्या किटलीतून वाफ सोडायची. वाफ कमी पडली तर नळी सुकते, तोटी जवळ आली तर मूल भाजतं, तंबू फार गच्च झाला तर आतली हवा कोंदट होते. (आपल्याकडच्या वाफाऱ्याने घशाला आराम पडतो तो याच ओलाव्याने, घटसर्प त्याने बरा होत नाही.) परिचारिकेचे कान सारखे नळीकडे. शीळ घातल्यासारखा आवाज आला, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, की काही क्षणांत हात चालला पाहिजे. आणि तळमळणारं मूल एकाएकी शांत झालं तर त्याला झोप लागली असं समजून स्वस्थ बसायचं नाही. पुष्कळदा ते दमून हरलेलं असतं.

न्यू यॉर्कमधल्या अनाथ मुलांच्या रुग्णालयात जोसेफ ओड्वायर या डॉक्टरांनी छेद न देता तोंडावाटे स्वरयंत्रात नळी बसवण्याची युक्ती काढली आणि १८८५ मध्ये ती जाहीर केली. गळा चिरायचा नाही, म्हणून आईबाप राजी होत. परिचारिकांचं काम मात्र वाढलं. नळी घालताना ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं मूल मांडीवर ताठ आणि घट्ट धरायचं, डोकं जरासुद्धा हलू द्यायचं नाही. पॅरिसच्या एका रुग्णालयातला असा प्रसंग जॉर्ज शिकोतो या डॉक्टर-चित्रकाराने १९०४ मध्ये रंगवला आहे. त्यानंतरचा प्रश्न दुधाचा. नळीमुळे घशाची झडप नीट मिटत नाही आणि प्यायलेलं श्वासनलिकेत उतरतं. शिकागोच्या कॅसलबेरी या डॉक्टरांनी तोड काढली ती अशी, की मुलाचं डोकं धडापेक्षा खाली ठेवून त्याला पाजायचं. दोन वर्षांच्या चिडलेल्या मुलाला डोकं खाली करून दूध पाजून बघा, म्हणजे या शोधाचं श्रेय किती जणींमध्ये वाटायला हवं ते कळेल.

१८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी प्रतिविषाचा शोध लावला. १८९४ मध्ये एमिल रू यांनी पॅरिसच्या मुलांच्या रुग्णालयातले आकडे मांडले : पूर्वी निम्म्याहून अधिक मुलं दगावत, घोड्यांपासून मिळवलेलं हे प्रतिविष दिल्यावर साधारण चौथा हिस्सा. त्या वेळेपुरता हा चमत्कारच. तरी उशाची गरज संपली नाही. रोगाचं विष एकदा हृदयाला भिडलं की प्रतिविषाने ते परतत नाही. घसा साफ झालेलं, खेळायला मागणारं मूल दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नुसतं उठून बसायला गेलं आणि गेलं, असं घडत असे. म्हणून त्याला कित्येक आठवडे आडवंच ठेवायचं, कूस बदलायची तीही परिचारिकेने. टाळूला लकवा आला तर दूध नाकावाटे परत येई. नाडी मोजत, गोष्टी सांगत त्या बरं वाटणाऱ्या मुलाला निजवून ठेवणं हे मला नळी धुण्यापेक्षाही अवघड वाटतं.

या मुली स्वतःही धोक्यात असत. मूल खोकलं की पापुद्र्याचे तुकडे थेट तोंडावर उडत. कुणाला लागण होऊ शकते हे ओळखणारी शिक यांची चाचणी १९१३ मध्ये आली, आणि फ्रान्सच्या गास्तों रामों यांच्या १९२३ च्या संशोधनातून पुढे खात्रीची लस मिळाली.

लशीमुळे रोग हटला, पण नळीची विद्या दुसऱ्या रोगांच्या कामी आली. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा ब्यॉर्न इब्सेन यांनी रुग्णांच्या गळ्यात अशीच नळी बसवून हाताने हवा पुरवण्याची व्यवस्था केली. सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळीपाळीने हवेची पिशवी दाबत बसले. घशाच्या कर्करोगाचे रुग्ण, अपघातातले रुग्ण, २०२०-२१ मधले कोविडचे रुग्ण, सगळ्यांना ही नळी लागली. नळी निसटली तर भोक उघडं धरणाऱ्या चिमट्याला त्रूसोंचं नाव आहे. मी विद्यार्थिनींना तो उशाशी ठेवायला सांगत असे; त्याबरोबर त्याच मापाची जादा नळी, आणि एक पाटी-पेन्सिल. गळ्यात नळी असलेल्या माणसाला हाक मारता येत नाही. पाटीवर पहिला शब्द बहुतेक जण ‘पाणी’ असाच लिहीत.

भारतात १९७८ पासून डीपीटीची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आहे, तरी २०१८ मध्ये देशात घटसर्पाच्या आठ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ च्या अखेरीस, बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांत या रोगाची साथ पसरली. तिथे गेलेल्या अनेक डॉक्टर-परिचारिकांनी हा रोग फक्त पुस्तकात वाचला होता. प्रतिविषाचा साठा जगातच थोडा. ज्यांना अगदी गरज त्यांनाच ते मिळे. अजूनही ते घोड्यांपासूनच बनतं, त्यामुळे काहींना त्याची तीव्र रिॲक्शन येते. म्हणून सलाइनमधून ते थेंबाथेंबाने सोडायचं आणि तेवढा वेळ मुलाचा श्वास, नाडी आणि चेहरा बघत एकीने शेजारी बसून राहायचं.